व्हीए आरोग्यसेवा: आत बरी, दारात अवघड

अमेरिकेतल्या माजी सैनिकांची सरकारी आरोग्यसेवा, बोलताना सगळे तिला नुसतं 'व्हीए' म्हणतात, ही त्या देशातली सगळ्यांत मोठी एकछत्री आरोग्यसेवा. १७० च्या आसपास रुग्णालयं, हजाराहून जास्त बाह्यरुग्ण केंद्रं, ९० लाखांच्या घरात नोंदलेले माजी सैनिक. तिचं कौतुक करणारेही भरपूर आणि तिच्या नावाने बोटं मोडणारेही. इथे एकच गोष्ट तपासायची आहे: माजी सैनिक कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, नेटिव्ह अमेरिकन किंवा आशियाई असेल, तर त्याच्या पदरात काय पडतं?

मत आधीच सांगून टाकतो. उपचार सुरू झाले की गोऱ्या-काळ्यातला फरक खूप कमी होतो, काही आजारांत तर उरतच नाही. पण उपचारांपर्यंत नेणारे कागद, आजार मोजणारी यंत्रं आणि अपंगत्व ठरवणारी सूत्रं यांत तो फरक मुरलेला आहे. रुग्णालयाला चांगले गुण द्यावेत, अपंगत्वाच्या क्लेमच्या कारभाराला जेमतेम पास करावं, अशी ही सेवा.

आपल्याकडच्या ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, सवय असलेल्यांनी एक फरक समजून घ्यावा. ईसीएचएसमध्ये निवृत्तिवेतनधारक एकदाच वर्गणी भरतो आणि त्यात बायकोमुलंही येतात. व्हीएमध्ये वर्गणी नाही आणि कुटुंबही नाही. सेवेमुळे कायमचं १०० टक्के अपंगत्व ठरलेल्यांच्या जोडीदारासाठी 'चॅम्पव्हीए' ही वेगळी योजना आहे. शिवाय सगळ्यांना सारखा प्रवेश नाही. १ ते ८ असे प्राधान्यगट आहेत. सेवेमुळे जडलेल्या आजारांचं रेटिंग, म्हणजे व्हीएने ठरवलेली अपंगत्वाची टक्केवारी, ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर गट १, ३० किंवा ४० असेल तर गट २, १० किंवा २० असेल तर गट ३. कमी उत्पन्नाच्या निकषावर आलेले गट ५ मध्ये, आणि रेटिंग नाही पण उत्पन्न जास्त असे लोक रांगेच्या शेवटी. रेटिंग १० टक्के झालं की तपासणीचा को-पे, म्हणजे रुग्णाने स्वतः भरायचा हिस्सा, जातो, ५० झालं की औषधांचाही जातो. एरवी प्रायमरी केअरच्या भेटीला १५ डॉलर, स्पेशालिस्टला ५०, औषधाला ३० दिवसांमागे ५, ८ किंवा ११ डॉलर, आणि औषधांचा खर्च वर्षाला जास्तीत जास्त ७०० डॉलर. रेटिंगचे हे टप्पे ध्यानात ठेवा, कारण पुढचा घोळ बराचसा त्यांच्यावरच आहे.

आत काय चांगलं आहे

अमेरिकेत एकूण पाहिलं तर प्रोस्टेटच्या कॅन्सरने मरणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. व्हीएमध्ये २००० ते २०१५ या काळात हा कॅन्सर निघालेल्या ६० हजारांवर माजी सैनिकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कृष्णवर्णीयांचा कॅन्सर जास्त पसरलेल्या अवस्थेत सापडत होता असं दिसलं नाही, आणि १० वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू त्यांच्यात ४.४ टक्के, तर गोऱ्यांत ५.१ टक्के होते. त्याआधी २०१५ मध्ये ३० लाखांवर माजी सैनिकांच्या नोंदींवरून आलेला अभ्यासही याच दिशेचा: किडनीचं काम नीट असलेल्या कृष्णवर्णीय माजी सैनिकांचा मृत्युदर वय आणि इतर आजार जमेस धरल्यावर गोऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी निघाला. कोविडच्या पहिल्या लाटेतही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक माजी सैनिकांना लागण जास्त झाली, पण लागण झाल्यावर ३० दिवसांतल्या मृत्यूंत वंशानुसार फरक आढळला नाही.

याला जादू लागत नाही. नोकरी गेली म्हणून विमा जात नाही, औषध परवडतं, आणि एकाच रेकॉर्डमध्ये सगळे रिपोर्ट असल्याने पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) वाढलेला माणूस मध्येच हरवत नाही. अर्थात, सैन्यात भरती होतानाच धडधाकट माणसं निवडली जातात आणि हे आकडे जे व्हीएच्या आत पोचले त्यांचेच आहेत, एवढी सूट वाचताना द्यावी.

आतही एक जागा कच्ची आहे. २००० ते २००९ या दशकात व्हीएने दर्जा सुधारला तेव्हा 'तपासणी झाली का' या खात्यातला वांशिक फरक जवळजवळ मिटला. शुगर तपासली, कोलेस्टेरॉल तपासलं, सगळ्यांचं सारखं. पण 'आटोक्यात आलं का' या खात्यातला फरक तसाच राहिला: रक्तदाब, शुगर आणि कोलेस्टेरॉल तिन्हींत कृष्णवर्णीय मागे. तपासणीच्या खुणेवर समाधान मानायचं नाही, हा यातला धडा. बीपी १४० च्या वर राहत असेल तर पुढच्या डॉक्टर भेटीची तीन महिने वाट पाहत बसू नये. आपल्या प्रायमरी केअर टीममधल्या क्लिनिकल फार्मसिस्टची अपॉइंटमेंट मागावी. व्हीएमध्ये त्यांना डोस बदलायचा अधिकार असतो आणि त्यांची वेळ लवकर मिळते. घरी मोजायचं बीपी मशीनही डॉक्टरांच्या ऑर्डरवर व्हीएकडून मिळतं. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लिहून घ्या. लहान पट्ट्यावर आकडा फुगतो आणि गोळ्या उगाच वाढतात.

मोजणाऱ्या यंत्रांचा आणि सूत्रांचा घोळ

हा भाग सविस्तर लिहायला हवा, कारण इथे कोणी कोणाला वाईट वागवत नाही आणि तरीही नुकसान होतं.

पहिलं पल्स ऑक्सिमीटर. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोचलेलं तेच बोटाचं यंत्र. ते बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश सोडतं आणि कोणता किती शोषला गेला यावरून ऑक्सिजन सांगतं. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि यंत्रांची जुळणी बरीच वर्षं मुख्यतः गोऱ्या स्वयंसेवकांवर झाली. परिणामी गडद त्वचेवर यंत्र आकडा चढवून दाखवतं. व्हीएच्या शंभरावर रुग्णालयांतल्या २०१३ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या, तेव्हा यंत्र ९२ किंवा जास्त दाखवत असताना धमनीतल्या रक्ताचा खरा आकडा ८८ च्या खाली, असं गोऱ्यांत १५.६ टक्के, हिस्पॅनिकांत १६.२ आणि कृष्णवर्णीयांत १९.६ टक्के वेळा निघालं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेचा २०१३ चा नियम फक्त १० जणांवर चाचणी मागायचा, त्यांत गडद त्वचेचे किमान दोघे किंवा १५ टक्के. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही संख्या १५० पर्यंत नेली आहे. मसुदा काहीही म्हणो, वॉर्डांत आणि घरांत आज जी यंत्रं आहेत ती जुनीच.

मग करायचं काय? हात गरम, नखाला पॉलिश नाही, हात छातीच्या खाली टेकवलेला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. एकट्या आकड्यावर विसंबू नये. बरं असताना आपला नेहमीचा आकडा किती असतो ते लिहून ठेवावं आणि तिथून तीन-चारने घसरला तर ९३ दिसत असला तरी कळवावं. घरचा ऑक्सिजन मंजूर होताना ८८ ची रेघ असते. गडद त्वचेच्या रुग्णाला यंत्रावरच्या ९० ने परत पाठवत असतील, तर धमनीतल्या रक्ताची चाचणी, म्हणजे एबीजी, मागणं हा त्याचा हक्क समजावा. सुई दुखते, पण ती चाचणी त्वचेच्या रंगाला फसत नाही.

दुसरं किडनीचं ईजीएफआर. क्रिएटिनिनवरून किडनी किती गाळते याचा हा अंदाज. २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणत, त्याआधीच्या सूत्रात तर १.२१२ ने. २०२१ च्या नव्या सूत्रात हा गुणक काढला आणि व्हीएच्या प्रयोगशाळांनीही नवं सूत्र घेतलं. गुणकाने काय व्हायचं ते रेटिंगच्या तक्त्यात पाहा. २०२१ च्या अखेरीपासून व्हीएचं किडनीचं रेटिंग ईजीएफआरवर ठरतं: ४५ ते ५९ ला ३० टक्के, ३० ते ४४ ला ६० टक्के, १५ ते २९ ला ८० टक्के, १५ च्या खाली १०० टक्के, आणि आकडा गेल्या १२ महिन्यांत सलग ३ महिने तसा असायला हवा. समजा गुणकाशिवाय उत्तर ४२ आलं. १.१५९ ने गुणलं की ते ४९ झालं. किडनी तीच, रक्त तेच, आणि रेटिंग ६० वरून ३० वर. म्हणजे गट १ मधून गट २ मध्ये आणि औषधांना को-पे.

म्हणून खासगी डॉक्टरांचे किंवा जुने रिपोर्ट क्लेमला जोडण्याआधी एक काम करा. त्यात 'आफ्रिकन अमेरिकन' आणि 'इतर' अशा दोन ओळी छापल्या असतील तर तो जुन्या सूत्राचा रिपोर्ट. तसाच जोडू नका. क्रिएटिनिनचा मूळ आकडा, वय आणि लिंग घेऊन २०२१ च्या सूत्राने पुन्हा मोजून डॉक्टरांच्या सहीने द्या. किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांनी जुन्या सूत्रामुळे उशीर झाला असेल तर प्रतीक्षेचा काळ मागे धरून मिळतो का, हे प्रत्यारोपण केंद्राला विचारावं. हा नियम जानेवारी २०२३ पासून आहे.

तिसरी स्पायरोमेट्री, फुंकायची चाचणी. इथे 'तुमच्या वया-उंचीच्या माणसाने किती फुंकायला हवं' हे आधी ठरवतात आणि तुम्ही त्याच्या किती टक्के फुंकलं ते सांगतात. वर्षानुवर्षं कृष्णवर्णीयांची अपेक्षित क्षमताच १० ते १५ टक्के कमी धरली जायची; काही लॅब आशियाई लोकांनाही कमी कपात लावत. व्हीएचा तक्ता असा: एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा, अपेक्षेच्या ७१ ते ८० टक्के असेल तर १० टक्के रेटिंग, ५६ ते ७० ला ३०, ४० ते ५५ ला ६०, ४० च्या खाली १००. माणूस पहिल्या सेकंदात २ लिटर फुंकतो आणि अपेक्षा ३ लिटरची, तर ६७ टक्के, रेटिंग ३०. वंशाची कपात लावून अपेक्षा २.५५ लिटर केली तर तेच २ लिटर ७८ टक्के होतात, रेटिंग १०. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळायच्या खड्ड्यांचा धूर खाल्लेल्यांना पॅक्ट कायद्याने २०२२ पासून दमा आणि ब्राँकायटिस सेवेमुळेच झाल्याचं धरून मिळतं, पण टक्के ठरतात ते या फुंकण्यावर.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंश न पाहणारं 'जीएलआय ग्लोबल' सूत्र वापरायला सांगितलं आहे. लॅबमध्ये चाचणीपूर्वी एकच प्रश्न विचारा: संदर्भ कोणता लावता? रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तो लिहिलेला असतो. जुना निघाला तर पुन्हा फुंकायची गरज नाही, तेच आकडे नव्या संदर्भावर काढून मागायचे. आणि दमा असेल तर फक्त फुंकण्यावर लढू नका: रोजचा इन्हेलर चालू असल्याची नोंद असेल तर तेवढ्यावरच ३० टक्के मिळू शकतात.

दारातली अडचण: डिस्चार्ज आणि क्लेम

व्हीएचं दार डीडी-२१४ या डिस्चार्जच्या कागदाने उघडतं. त्यावरचा शेरा 'ऑनरेबल' (सन्मानाने) किंवा त्याखालचा 'जनरल' नसेल तर दार अडतं. आता हा शेरा कोणाला वाईट मिळतो? अमेरिकी संसदेच्या जीएओ या तपास संस्थेने २०१९ मध्ये दाखवलं की सैन्याच्या सगळ्या शाखांत कृष्णवर्णीय सैनिकांवर कोर्टमार्शल होण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा जास्त होती. तिकडे शिक्षेत शेरा बिघडला की इकडे दवाखाना अडतो. शेरा सुधारून घ्यायचा असेल तर १५ वर्षांच्या आत डीडी-२९३ हा अर्ज, त्यानंतर डीडी-१४९. आणि शेरा सुधारेपर्यंत थांबायची गरज नसते: व्हीए स्वतःच्या निकषांवर वेगळा निर्णय करू शकते, आणि जून २०२४ च्या नियमाने छळ, मानसिक आजार अशी कारणं विचारात घ्यायला जास्त जागा दिली आहे. तरी आरोग्यसेवेचा अर्ज १०-१०ईझेड भरायचा, नकार आला तर लेखी घ्यायचा. खिडकीवरच 'तुमचं बसत नाही' असं तोंडी ऐकून परतलेल्याचा कागद कुठेच नसतो, आणि कागद नसला की अपीलही नाही.

रेटिंगच्या क्लेमचं चित्र आणखी स्पष्ट आहे. २००१ ते २०२० या काळात अपंगत्वाचे क्लेम नाकारण्याचं सरासरी प्रमाण कृष्णवर्णीयांत २९.५ टक्के, गोऱ्यांत २४.२ टक्के. हे आकडे माहितीच्या हक्काखाली बाहेर काढावे लागले आणि त्यावर व्हिएतनाम युद्धात लढलेले कॉनली मंक यांनी २०२२ मध्ये सरकारवर दावा लावला. २०२३ मध्ये जीएओनेही फरक असल्याचं नोंदवून व्हीएला कारणं शोधायला सांगितलं. १९२३ मध्ये टस्कीगीला फक्त कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी वेगळं रुग्णालय उघडावं लागलेल्या देशात हा अविश्वास जुना आहे, आणि म्हणून बरेच जण अर्जच करत नाहीत.

करायचं कसं? पहिल्या दिवशी 'इंटेंट टू फाइल', म्हणजे क्लेम करणार असल्याची सूचना, नोंदवा. ऑनलाइन २१-५२६ईझेड हा क्लेमचा अर्ज सुरू केला तरी ती नोंद होते. पुढे वर्षाच्या आत अर्ज पूर्ण केला तर पैसे त्या पहिल्या तारखेपासून मोजतात. मान्यताप्राप्त माजी सैनिक संघटनांचे प्रतिनिधी फुकट मदत करतात. पहिल्या अर्जासाठी जो कोणी पैसे किंवा वाढीव रकमेतला हिस्सा मागतो, त्याला नमस्कार करून बाहेर काढावं.

रक्तदाबाचा क्लेम हा कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा, कारण त्यांना हा आजार जास्त आणि लवकर होतो. पॅक्ट कायद्याने एजंट ऑरेंजच्या (व्हिएतनाम युद्धात फवारलेलं झाडं मारणारं रसायन) यादीत उच्च रक्तदाब आणि एमजीयूएस हा रक्तातल्या प्रथिनांचा दोष टाकला. एमजीयूएसही कृष्णवर्णीयांत सुमारे दुप्पट आढळतो. रेटिंगसाठी निदानाची मोजणी किमान तीन वेगळ्या दिवशी, प्रत्येक दिवशी दोन किंवा जास्त वेळा झालेली लागते. खालचा आकडा बहुतेक वेळा १०० किंवा वरचा १६० असेल तर १० टक्के. खालचा ११० किंवा वरचा २०० असेल तर २० टक्के. फजिती इथेच होते. माणूस गोळ्या नीट घेतो, बीपी १३०-८० असतं, आणि रेटिंग येतं शून्य. पण गोळ्या सुरू होण्यापूर्वी खालचा आकडा बहुतेक वेळा १०० किंवा जास्त असायचा आणि आता कायम औषध लागतं, हे जुन्या नोंदींतून दाखवलं तर १० टक्के मिळतात. म्हणून आजचे नाही, गोळी सुरू झाली त्या वर्षाचे कागद शोधा. शून्य आलं तरी निराश होऊ नये: सेवेशी संबंध मान्य झाला की पुढे त्यातून झालेला किडनीचा किंवा हृदयाचा आजार 'सेकंडरी' म्हणून जोडता येतो, आणि मोठं रेटिंग तिथून येतं.

नकार आला तर एका वर्षाच्या आत तीन वाटा. नवीन पुरावा असेल तर २०-०९९५ क्रमांकाचा अर्ज. पुरावा तोच पण वाचण्यात चूक झाली असेल तर २०-०९९६, यात नवा कागद चालत नाही. न्यायाधीशासमोर जायचं तर १०१८२, आणि तिथे बराच वेळ जातो. वाट निवडण्याआधी २०-१०२०६ ने आपली संपूर्ण फाइल मागवा. परीक्षा घेणाऱ्या डॉक्टरने खरंच काय लिहिलं, हे नकाराच्या पत्रातून कळत नाही.

नेटिव्ह अमेरिकन आणि आपली माणसं

लोकसंख्येच्या मानाने सैन्यात सगळ्यांत जास्त सेवा देणाऱ्यांत नेटिव्ह अमेरिकन आणि अलास्काचे मूळ रहिवासी येतात. ५ जानेवारी २०२२ पासून त्यांना व्हीएच्या बहुतेक सेवांचा को-पे माफ आहे. पण माफी आपोआप होत नाही: १०-३३४ अर्जासोबत जमातीच्या सदस्यत्वाचा कागद द्यावा लागतो. तो मंजूर झाला की त्या तारखेनंतर भरलेले पैसेही परत मिळतात. त्यांची खरी अडचण अंतराची आहे आणि तिला अर्जाने उत्तर नाही.

आशियाई माजी सैनिकांची अडचण वेगळी, ते आकड्यांत दिसतच नाहीत. फिलिपिनो, कोरियन, व्हिएतनामी आणि भारतीय एकाच रकान्यात. अमेरिकी सैन्याने २००९ ते २०१६ या काळात 'माव्नी' योजनेत गरजेच्या भाषा जाणणाऱ्या परदेशी लोकांना घेतलं, त्यात हिंदीही होती. ती पिढी आता व्हीएच्या वयात येते आहे. दक्षिण आशियाई माणसाला डायबिटीस कमी वजनावर गाठतो. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन आशियाई लोकांची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासून करायला सांगते. व्हीएचा संगणक डॉक्टरांना सरसकट नियमानेच आठवण देत असेल, तर असा माणूस सुटतो. बीएमआय २३.५ असलेल्या आशियाई माणसाने एचबीए-१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची चाचणी, स्वतःहून मागावी. अर्जातला वंशाचा रकाना ऐच्छिक आहे; पण तो भरावा आणि चुकीचा नोंदला असेल तर दुरुस्त करून घ्यावा.

शेवटी बाहेरच्या डॉक्टरांबद्दल. घरापासून व्हीएची प्रायमरी केअर किंवा मानसोपचार गाडीने ३० मिनिटांपेक्षा लांब असतील किंवा २० दिवसांत वेळ मिळत नसेल, स्पेशालिस्टसाठी ६० मिनिटं किंवा २८ दिवस, तर २०१८ च्या मिशन कायद्याखाली खासगी डॉक्टरकडे पाठवायची सोय आहे. वेळ वाचतो, पण वर सांगितलेला फायदा, एकच रेकॉर्ड आणि पाठपुरावा, तिथे तुटतो. जाण्यापूर्वी मंजुरीचा क्रमांक हातात हवा आणि तो किती भेटींचा व कोणत्या तारखेपर्यंतचा ते वाचलेलं हवं. तातडीने बाहेर भरती व्हावं लागलं तर ७२ तासांत व्हीएला कळवायचं. रुग्णालयाने कळवलं असेल असं गृहीत धरलं की बिल घरी येतं.